अर्धी चादर : सोलापुरातले साडेतीन दिवस

शुक्रवार, १२ जानेवारी २०२४

शाळा सुटल्यावर थेट पुणे स्टेशन गाठलं. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस. जागेवर बसून तिकिटावरची तारीख पाहिली आणि चपापले. १९३१ साली याच बारा जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना येरवड्यात फाशी दिलं होतं. गाडीचं नाव त्यांच्यावरूनच. इतक्या वेळा या गाडीनं गेले, पण नेमकी त्या तारखेला पहिल्यांदाच.

शेजारी एक काका. दौंड गेल्यावर त्यांनी डबा उघडला, शेंगाची चटणी माझ्यापुढं सरकवली आणि विचारलं, "गड्ड्याला का?" सिद्धेश्वरांची यात्रा उद्यापासून, म्हणजे प्रश्न बरोबरच होता.

"नाही, खो-खोला."

"पंच?"

"नाही."

"मग कोच?"

"तेही नाही. मुलींच्या सोबतीला."

"हां, म्हणजे रेक्टर."

या कामाला मराठीत नाव नाही, ही माझी जुनी अडचण आहे. इंग्रजीत स्पोर्ट्स चॅप्लिन म्हणतात. लष्करात, हॉस्पिटलात, तुरुंगात जसा धर्मगुरू माणसांच्या सोबतीला असतो, तसा खेळाडूंच्या सोबतीला असणारा माणूस. इंग्लंडमध्ये जॉन बॉयर्स नावाचे बॅप्टिस्ट पाळक १९७७ पासून वॅटफर्डच्या फुटबॉल क्लबात हे काम करत होते. पुढं १९९२ पासून मँचेस्टर युनायटेडमध्ये. आठवड्यातून एखाद्या दिवशी सरावाच्या ठिकाणी जायचं, जेवणाच्या टेबलावर बसायचं, गोल करणाऱ्याशी बोलायचं तसंच भांडी घासणाऱ्या बाईशी आणि गवत कापणाऱ्याशीही बोलायचं. कुणी म्हणालं प्रार्थना करा, तर करायची. नाही म्हणालं तर चहा प्यायचा. मी पुण्यात या विषयाचं एक छोटं शिबिर केलं, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून सुट्टीत कुठं बोलावलं की जाते. पैसे कुणी देत नाही, मी मागत नाही.

हे सगळं काकांना कसं सांगायचं? मग मी त्यांना शब्दाचीच गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. फ्रान्समधल्या अमिआँ शहराच्या वेशीवर, ऐन थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसला. मार्टिननं तलवारीनं अंगावरचं पांघरूण मधोमध कापलं आणि अर्धं त्याला दिलं. पुढं हा शिपाई संत झाला. त्या पांघरुणाला लॅटिनमध्ये कापेल्ला म्हणत, ते राजे लोकांनी जपून ठेवलं आणि ते सांभाळणाऱ्या पाद्र्यांना कापेल्लानी म्हणू लागले. चॅपल आणि चॅप्लिन हे दोन्ही शब्द तिथून आले. म्हणजे मूळ अर्थ चादर सांभाळणारा.

काका हुंकार देत ऐकत होते. ते मिलमध्ये लूमवर होते, मिल बंद पडल्यावर घरी बसले. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "मधनं कापली म्हणता?"

"हो, तलवारीनं."

"मग काठ सुटला असणार की. दोघांचाबी. कापलेल्या बाजूनं धागा निघतच राहतो. दुमडून शिवून घ्यावं लागतं, न्हाईतर महिन्यात चिंधी." आणि चटणी परत माझ्याकडं सरकवली.

ही गोष्ट मी शिबिरात ऐकली, चर्चमध्ये ऐकली, स्वतः दहा ठिकाणी सांगितली. काठाचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दहाच्या पुढं सोलापूर. स्टेशनवर कॅप्टन घ्यायला आली होती. ती आता शाळेच्या मुलींची खो-खो कोच आहे, पण तीस वर्षांपूर्वी आमच्या संघाची कर्णधार होती, म्हणून माझ्यासाठी ती कॅप्टनच. मोटारसायकलवर बसल्या बसल्या तिनं अट घातली. "हे बघ, प्रार्थना-बिर्थना मुलींपुढं काढायची नाही. पालक उद्या माझ्या दारात येतील. पोरींशी बोल, ऐकून घे, बास."

मी म्हटलं, नियमच तो आहे. मागितल्याशिवाय धर्म काढायचा नाही, आणि मुलीनं सांगितलेलं कोचला सांगायचं नाही.

"मलाबी नाही?"

"तुला तर अजिबात नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सांगावंच लागतं, डॉक्टरकडंही न्यावं लागतं, हेही मी तिला सांगितलं. पण संघात कोण कुणावर रुसलंय, कुणाला खेळ सोडायचाय, हे नाही. आपल्याकडं खेळाडूजवळ जो येतो त्याला काहीतरी हवं असतं: कोचला निकाल, आईबापाला नोकरीचा कोटा, संघटनेला फोटो. काहीच नको असलेलं एखादं माणूस मैदानात असावं, एवढंच माझं म्हणणं. ते ख्रिस्तीच असलं पाहिजे असं नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून मी या वाटेनं आले.

शनिवार, १३ जानेवारी

सकाळी सहाला मैदानावर. सोलापूरची जानेवारीतली थंडी बोचरी नसते, पण पहाटे जमीन गार असते आणि खो-खोत अर्धा वेळ जमिनीवर उकिडवंच बसायचं. मैदान आखणारे मामा फक्की मारत होते. मी त्यांची दोरी धरली. अर्ध्या तासात त्यांच्या मुलाची बारावी, बायकोची विडी, दिवसाला किती वळून होतात, पाठ कशी धरते, सगळं कळलं. मुलींशी ओळख नंतर झाली. हा माझा शिरस्ता आहे. नवीन बाई मामांची दोरी धरून उभी आहे हे मुली लांबून बघतात आणि मग त्यांना माझी भीती वाटत नाही.

निमंत्रित स्पर्धा, आठच संघ. कॅप्टनच्या संघात निम्म्या मुली पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या; दोघी-तिघी घरी कानडी; एक मुसलमान, एक ख्रिस्ती. मैदानावर सगळ्यांची भाषा एकच, सोलापुरी. "काय करालीस गं, ऊठ की!" हे वाक्य दिवसभरात मी शंभरदा ऐकलं असेल.

त्यातली ती ख्रिस्ती मुलगी, सोळा वर्षांची, उजव्या गुडघ्याला पट्टी. साखळी पळायची तर तिनंच. पळताना ती मागं बघत नाही. बसलेल्या मुलीच्या खांद्याची हालचाल बघते आणि खो मिळायच्या आधी दिशा बदलते. पकडणारीला एकदा उठल्यावर खांबापर्यंत दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही; पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. या एका नियमावर खो-खो उभा आहे, आणि ही मुलगी तो नियम दात घासावेत तितक्या सहज वापरते. सकाळच्या सामन्यात तिला कुणी हात लावू शकलं नाही. दुपारी उपांत्य सामनाही जिंकला.

अंतिम सामना संध्याकाळी ठरला होता, पण शहर यात्रेचं. आज सिद्धेश्वरांनी स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक. उंचच्या उंच सात नंदीध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, मागंपुढं हजारो माणसं. रस्ते बंद. एक संघ अडकला, पंच अडकले, उजेड गेला. आयोजकांनी जाहीर केलं की फायनल उद्या सकाळी आठला. दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा आहे, त्याच्या आत उरकायचं.

उद्या रविवार. आठला चर्चमध्ये उपासना.

मी त्या मुलीकडं बघितलं. ती बुटाच्या नाड्या सोडत होती. सोडल्या, परत बांधल्या, परत सोडल्या.

मला काही बोलायचं नव्हतं, म्हणून मी कॅप्टनला सांगून दोन तास सटकले. भैय्या चौकात डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. बरेच दिवस बघायचं राहिलं होतं. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यातले हे सोलापूरचे. उत्तर चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच नर्सशी, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता.

तिथं उभी असताना मला सारखा दुसरा एक माणूस आठवत होता. एरिक लिडल. आमच्या शिबिरांमध्ये याचं नाव हमखास निघतं. चीनमध्ये जन्मलेला स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा, ब्रिटनचा सर्वांत वेगवान धावपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. त्याऐवजी चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. पुढं तो चीनला मिशनरी म्हणून गेला, आणि तीसच्या दशकाच्या शेवटी त्याच हेबेई प्रांतात होता जिथं थोड्याच काळानं आपले कोटणीस पोचले. लिडलही जखमींना गाडीत घालून दवाखान्यात नेत होता. २१ फेब्रुवारी १९४५ ला जपान्यांच्या नजरकैदेत, मेंदूतल्या गाठीनं गेला. दोघांची कधी गाठ पडली असेल असं मी म्हणत नाही. पण भैय्या चौकात रिक्षांचे हॉर्न ऐकत उभं राहून हेबेईचा विचार केला की अंगावर शहारा येतो, एवढं खरं.

रात्री जेवायला त्याच मुलीच्या घरी जायचं होतं. कॅप्टननं हे कालच ठरवून टाकलं होतं. तिची आजी आणि मी एकाच ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे पाहुण्याच. आजीनं "जयख्रिस्त" म्हणून आत घेतलं. दोन खोल्या, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, आणि त्याच्या शेजारी पिवळं पडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, चौकटीत घातलेलं. विजय हजारे.

"आमच्या ह्यांचा देव," आजी म्हणाल्या. "नंतर लगेच म्हणायचे, देव न्हाई गं, देव एकच. पण आपला माणूस."

हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. भारतानं पहिली कसोटी जिंकली, १९५२ ला मद्रासमध्ये, तेव्हाचे कर्णधार. पण आजोबांचा आवडता सामना तो नव्हता. तो होता १९४३ च्या हंगामातला पंचरंगी सामन्यांतला अंतिम सामना. तेव्हा संघ धर्मावर असत: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि उरलेले सगळे, म्हणजे ख्रिस्ती वगैरे, 'द रेस्ट'मध्ये. हिंदूंनी पाच बाद ५८१ केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्ट पहिल्या डावात १३३ वर गारद. फॉलोऑन. दुसऱ्या डावात ३८७, आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या.

आकडे आजींना तोंडपाठ. मी पुढं काही विचारायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "ह्ये सगळे सांगतात. आमचे हे विजयचं सांगायचेच न्हाईत, विवेकचं सांगायचे."

विवेक हजारे, विजयचा भाऊ. त्या डावात दोघांनी तीनशेची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा एकवीस.

"एकवीस," आजींनी परत सांगितलं. "दुसऱ्या टोकाला हुबा ऱ्हायला. काय केलं? काय न्हाई. हुबा ऱ्हायला. आणि मॅच हरलेच. डावानं हरले."

शिबिरात दोन दिवस तक्ते काढून जे शिकवलं होतं ते आजोबांनी एका आकड्यात बसवलं होतं. मी गप्प बसून कडक भाकरी मोडत होते. ही भाकरी मोडताना आवाज होतो, त्यामुळं गप्प बसणं झाकलं जातं.

मुलगी जेवली नाही. भांडी घासायला म्हणून मागच्या दारी गेली, मी पाणी ओतायला गेले. तिथं तिनं विचारलं.

"मॅडम, उद्या खेळू का नको?"

आजीनं नको म्हटलं होतं. ओरडून नाही, "मी तर देवळात जाणार बाई, तुझं तू बघ" एवढंच. आमच्याकडं जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आणि आजीचं हे "तुझं तू बघ" म्हणजे काय असतं ते ज्यांना आजी आहे त्यांना सांगायला नको.

खरं सांगते, माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. दोन्ही बाजूंची उत्तरं आली होती. कॅप्टन माझी जिवाभावाची, तिला हा चषक हवा होता. आजीही माझीच, लहानपणी रविवारी मला सुईदोरा धरू न देणाऱ्या माझ्या आजीसारखी. मी म्हटलं, "तुला काय वाटतं ते आधी सांग." ती म्हणाली, "मला खेळायचंय. आणि मला भीती वाटालीय."

मग तिनं लिडलचं विचारलं. शब्बाथशाळेत ऐकलं होतं. मी तिला गोष्ट नीट सांगितली, कारण ती सांगताना लोक मीठमसाला लावतात. त्यानं आयत्या वेळी शर्यत सोडली नव्हती. वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी माहीत होतं, त्यानं तेव्हाच कळवलं आणि चारशेचा सराव सुरू केला. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये होता. चारशेच्या अंतिम शर्यतीच्या दिवशी संघाच्या मालिशवाल्यानं त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली, बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातल्या वचनाची. देवाचा मान राखणाऱ्याचा देव मान राखतो, अशा अर्थाची. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा चॅप्लिन नव्हते, पण तो मालिशवाला होता.

"म्हणजे नको खेळू," ती म्हणाली.

"थांब, गोष्ट संपली नाही." नजरकैदेच्या छावणीत पोरं होती, शेकड्यांनी. लिडल त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी आपली आपणच हॉकी खेळायला घेतली आणि पंच नसल्यानं मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उभा राहिला.

ती बराच वेळ राखेनं तवा घासत राहिली. "मग कुठला खरा?"

"दोन्ही तोच."

हे उत्तर तिला आवडलं नाही. मलाही ते फारसं पटलं होतं असं नाही, पण याच्याहून खरं माझ्याकडं नव्हतं. निघताना तिनं हळूच विचारलं, प्रार्थना कराल का. मी केली, मागच्या दारी, दोन वाक्यांची. जिंकू दे असं त्यात नव्हतं. तिनं मागितली होती, म्हणजे कॅप्टनची अट मोडली नाही.

रविवार, १४ जानेवारी

पावणेआठला ती मैदानावर आली. गणवेशात. माझ्याकडं बघितलं नाही. मीही हात केला नाही.

मी स्वतः उपासना चुकवून मैदानावर होते, हे आजींना कळलंच असणार. ते एक माझ्या मनात सकाळभर टोचत राहिलं. मुलीला निवडायला लावून आपण न निवडल्यासारखं करता येत नाही. मी कॅप्टनच्या बाजूनं उभी होते, असंच आजींना दिसलं असेल.

सामना लिहिण्यासारखा झाला, पण आमच्या बाजूनं नाही. पहिल्या डावात मुलगी छान पळाली, दोन मिनिटांच्या वर. मध्यंतराला आम्ही एका गुणानं पुढं. दुसऱ्या डावात ती पहिल्याच तुकडीत उतरली. समोरच्या संघात एक काळीसावळी, बुटकी मुलगी होती. तिनं खो घेतला, दोन पावलं टाकली आणि खांबाजवळ असा सूर मारला की मैदानाबाहेरची माणसं "अरारा" म्हणाली. बोटांची टोकं आमच्या मुलीच्या पाठीला लागली. पंचांची शिट्टी. चाळीस सेकंद झाले नव्हते.

तीन गुणांनी हरलो.

बक्षीस समारंभ नेहमीसारखा. पाहुण्यांचं भाषण लांबलं, कारण पाहुण्यांनाच अक्षतेला जायची घाई होती आणि तरीही बोलायचं होतं. ती मुलगी दूरच्या खांबाला टेकून बसली होती. कॅप्टन तिकडं निघाली, माझ्याकडं बघितलं आणि थांबली. हे कॅप्टनचं मोठेपण.

मला इथं माझं सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी राज्य स्पर्धेत माझा गुडघा फिरला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी एक पदाधिकारी आले. मला वाटलं बघायला आले. ते जर्सी परत न्यायला आले होते, राखीव मुलीला द्यायची होती. डॉक्टर, नाव, संघटना, काही लिहीत नाही. त्याला आता अर्थ नाही. त्या रात्री कॅप्टन माझ्या खाटेजवळ जमिनीवर झोपली, अंगावर आणलेली चादर माझ्या पायांवर टाकून. तिला चॅप्लिन हा शब्द आजही नीट म्हणता येत नाही, चार्ली चॅप्लिन म्हणते.

मी जाऊन त्या मुलीशेजारी बसले. गुडघ्यामुळं मला आता उकिडवं बसता येत नाही, पाय पसरून बसले. दहा एक मिनिटं कुणी बोललं नाही. ती पट्टीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती. बोटाचं टोक पांढरं पडलं की सोडायची, लाल झालं की परत गुंडाळायची.

मग तो प्रश्न आला, ज्याची मी रात्रीपासून वाट बघत होते. "देवळात गेले न्हाई म्हणून बाद झाले का, मॅडम?"

या कामात येणारा हा सर्वांत जुना प्रश्न असावा. जिंकलेला माणूस आकाशाकडं बोट करतो तेव्हा टाळ्या पडतात, पण हिशेब तसाच लावला तर हरलेल्यानं कुठं बोट करायचं? १९९४ मध्ये रे इलिंगवर्थ इंग्लंडच्या क्रिकेट निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी संघाचे चॅप्लिन अँड्र्यू विंगफिल्ड डिग्बी यांना नारळ दिला. असली सोबत लागणारा खेळाडू त्यांना कच्चा वाटायचा. त्याच हिवाळ्यात इंग्लंड ऑस्ट्रेलियात ३-१ असं हरलं. यातून मी काही सिद्ध करू लागले तर मीही तोच हिशेब मांडीन, म्हणून नाही मांडत. मजा म्हणून सांगितलं.

मी तिला म्हटलं, "तू बाद झालीस कारण त्या मुलीनं सूर फार चांगला मारला."

ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "लई भारी मारला पण."

"लई भारी."

तेवढ्यात फाटकातून आजी. देवळातून सरळ आलेल्या, पांढरी साडी, हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आणि पिशवी. मला वाटलं आता काहीतरी होणार. त्यांनी मला "जयख्रिस्त" केलं, जरा कोरडंच. पिशवीतून डबा काढला: भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, वर तीळ लावलेले. शेजारणीनं दिली होती. नातीकडं न बघता म्हणाल्या, "किती वेळ पळालीस?"

"पहिल्या डावात दोन मिन्टं बारा सेकंद."

"आणि दुसऱ्यात?"

ती गप्प.

"बरं," आजी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. "खा. गार झाली तर गिळायची न्हाई."

दुपारी अक्षतेच्या वेळी आम्ही कॅप्टनच्या गच्चीवर होतो. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमतीची वचनं वाचली जातात, आणि "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" म्हटलं की लाखभर हात अक्षता टाकतात. तलावाकडून तो गलका ऐकू आला. संघातल्या बहुतेक मुली तिकडंच होत्या, हरल्याचं विसरून. त्यांना माझी गरज नव्हती, हेही बरंच.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. दुपारची इंद्रायणी, म्हणून सकाळ मोकळी.

मिशनच्या भागात एक चक्कर मारली. अमेरिकन मराठी मिशनच्या बायकांनी इथं मुलींसाठी काढलेल्या शाळेचं नाव वोरोनोको; सोलापूरकर ते इतक्या सहज म्हणतात की कानडी वाटावं. ते नाव मॅसॅच्युसेट्समधलं. त्याच भागात, जवळच्या स्प्रिंगफील्डला १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी वायएमसीएच्या शाळेत बास्केटबॉल काढला, आणि शेजारच्या होल्योकला १८९५ मध्ये व्हॉलीबॉल निघाला. नेस्मिथ पुढं स्वतःच पाळक झाले आणि सैन्यात चॅप्लिन म्हणून गेले. मिशनऱ्यांना खेळ आणि धर्म एकाच पिशवीत घालायची सवय जुनी आहे. त्या पिशवीत साहेबी शिस्तीचा आणि वरचढपणाचा वासही होता, हे मला दिसतं. तरी पोरींना मैदान दिलं हेही खरं.

चादर घ्यायला एका दुकानात गेले. दुकानदार घडी उलगडून नक्षी दाखवत होता, मी काठ उलटून शिवण बघत होते. "बाई मिलमधल्या दिसतात," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

स्टेशनवर कॅप्टन आणि ती मुलगी दोघी आल्या. तिळगूळ झाला. आजींनी शेंगापोळ्या पाठवल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि निरोप: पुढच्या वेळी रविवारी आलीस तर आधी देवळात. मी हो म्हटलं.

गाडी हलायच्या आत मुलगी खिडकीशी आली. गुडघ्याची पट्टी नवी होती, कडेनं दुमडून टीप मारलेली.

"मॅडम, पुढच्या महिन्यात निवड चाचणी हाय."

"चांगलंय की."

"शनिवारी हाय," ती म्हणाली. "आत्ताच वार बघून ठेवलाय."

"आणि पाऊस आला, रविवारवर गेली तर?" कॅप्टननं मागून विचारलं.

"फेब्रुवारीत कुठला पाऊस ओ, सोलापुरात," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.